उन्हाची उधारी

आम्ही बी.कॉम. आहोत. त्यामुळे जगातल्या प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात, एक जमा आणि दुसरी नावे, यावर आमचा पोथीवर ठेवावा तसा विश्वास आहे. लग्न, बदली, बढती, गावाकडचे पाहुणे, कशाचीही नोंद आम्ही मनातल्या मनात दोन्ही बाजूंना करून टाकतो. एकाच देवतेच्या बाबतीत मात्र आमच्या वाडवडिलांनी फक्त जमेची बाजू लिहून ठेवली. ती देवता म्हणजे सूर्यनारायण. तो उजेड देतो, ऊब देतो, कुरडया-पापड वाळवून देतो, हाडांना ड जीवनसत्त्व देतो आणि एवढे सगळे करून महिनाअखेरीस बिल पाठवत नाही. म्हणून आम्ही त्याला रोज बारा नमस्कार घालतो. निदान दर एक जानेवारीला घालायचे ठरवतो.

पण बँकेत वीस वर्षे काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. बिल आले नाही याचा अर्थ ते माफ झाले असा नसतो, ते साठत असते. उन्हाचेही साठते. ते कुठे साठते, हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आले, ते चुकवायला कोणी काय काय अंगाला फासले, आणि आमच्या सौभाग्यवतींनी आणलेल्या सातशे रुपयांच्या चिमुकल्या ट्यूबवर ‘अँटिऑक्सिडंटयुक्त’ असे मोठ्या अक्षरांत का छापलेले असते, याचा हा इतिहास. अँटिऑक्सिडंटला पाठ्यपुस्तकात ‘प्रतिऑक्सिडीकारक’ म्हणतात. तो शब्द एका दमात उच्चारला की माणसाला ऑक्सिजनच कमी पडतो, म्हणून आम्ही इथे इंग्रजीच वापरणार आहोत.

आता सुरुवात एका साहेबापासून करावी लागते. सर एव्हरर्ड होम हे लंडनचे नामांकित शल्यविशारद. त्यांना एक साधा प्रश्न पडला. काळा रंग ऊन जास्त शोषतो हे शाळकरी पोरालाही कळते. मग जिथे ऊन सगळ्यात कडक तिथेच माणसे काळी का? देवाने हिशेबात चूक केली की काय? साहेबांनी आपले दोन्ही हात भर उन्हात धरले. एक उघडा आणि दुसरा काळ्या कापडाखाली, सोबत थर्मामीटर. काळ्या कापडाखालचा पारा वर चढला, पण हात जसाच्या तसा. उघड्या हाताजवळचा पारा खाली, पण हात मात्र पोळून निघाला! १८२१ साली हा निबंध रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. काळ्या कातडीतला रंगाचा थर हे उन्हापासूनचे संरक्षण आहे, हा त्याचा निष्कर्ष. म्हणजे गरम होणे आणि भाजणे ही दोन वेगळी खाती आहेत, आणि आपण इतकी शतके ती एकाच खात्यात लिहीत आलो होतो.

(जाता जाता सांगायला हरकत नाही की, याच होमसाहेबांनी १८२३ मध्ये आपल्या बहिणीच्या यजमानांची, म्हणजे थोर शल्यविशारद जॉन हंटर यांची हस्तलिखिते जाळून टाकली. त्यातला मजकूर त्यांनी स्वतःच्या नावावर खपवला होता, असा त्यांच्यावर आरोप आहे. ऊन कशाने भाजत नाही हे ज्याने शोधले, त्याला कागद कशाने जळतात हेही चांगले ठाऊक होते.)

भाजणारे जे ‘दुसरे काहीतरी’ होते, ते खरे म्हणजे वीस वर्षे आधीच जर्मनीतल्या येना गावी सापडले होते. पण लंडन शाखा आणि येना शाखा यांच्यात तेव्हा कोअर बँकिंग नव्हते. योहान विल्हेल्म रिटर नावाच्या तरुणाने १८०१ मध्ये सिल्व्हर क्लोराइड लावलेला कागद लोलकातून पडणाऱ्या सप्तरंगांत धरला. हे रसायन उजेडात काळे पडते. ते सगळ्यात जास्त काळे पडले ते जांभळ्या पट्टीच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते. हेच ते अल्ट्राव्हायोलेट किंवा अतिनील किरण. रिटरने त्यांचे नाव ठेवले होते ‘डी-ऑक्सिडायझिंग किरण’, म्हणजे ऑक्सिडीकरण उलटवणारे. चांदीच्या क्षारापुरते ते बरोबरच होते. पण आपल्या कातडीत शिरल्यावर हेच किरण नेमके ऑक्सिडीकरण घडवतात आणि ते रोखायला दोनशे वर्षांनी आमच्या घरी सातशे रुपयांची ट्यूब येते. पाळण्यातले नाव आणि पुढची करणी यांचा मेळ नसलेली माणसे आमच्या खात्यातही आहेत.

रिटर बिचारा ३३व्या वर्षी गेला. त्याच्या किरणांनीच कातडी भाजते, हे स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी १८८९ मध्ये प्रयोगाने दाखवले. लगेच १८९१ मध्ये जर्मनीतल्या फ्रीडरिश हामर यांनी त्यावर मलमही सुचवले. कशाचे? कोयनेलचे! हिवतापावर आपल्या आज्या नाक दाबून पाजायच्या, तेच ते कडू कोयनेल. ते अतिनील किरण गिळते. म्हणजे सनस्क्रीनचा मूळ पुरुष हा हिवतापाच्या औषधाचा सख्खा भाऊ आहे.

इथवर सगळे शहाण्यासारखे चालले होते. मग फॅशन आली.

त्याआधी युरोपात गोरेपणाला भाव होता, कारण उन्हात राबायचे ते मजुरांनी. पुढे मजूर कारखान्यात गेला, तिथल्या अंधारात फिका पडला, आणि श्रीमंतांना वाटू लागले की आता आपण वेगळे कसे दिसणार? म्हणून त्यांनी समुद्रकाठी जाऊन अंग भाजून घ्यायला सुरुवात केली. पॅरिसची कपड्यांची राणी कोको शानेल १९२३च्या सुमारास सागरी सफरीवरून तांबूस होऊन परतली आणि तेव्हापासून रापलेला रंग हे रिकामपणाचे प्रमाणपत्र झाले, असे सांगतात. १९३६ मध्ये फ्रान्समध्ये कामगारांना पगारी रजेचा कायदा झाला. रजेचे महत्त्व आम्हा बँकवाल्यांना कोणी सांगायला नको. सारा फ्रान्स समुद्राकडे धावला आणि ओझेन श्युलेर या रसायनशास्त्रज्ञ कारखानदाराचे ‘आंब्र सोलेर’ नावाचे तेल त्यांच्या स्वागताला नुकतेच बाजारात आले होते. हे तेल भाजू देत नसे, पण रापू मात्र देत असे. चोर आत येऊ दे, फक्त दार आपटू नको, असा त्यातला प्रकार.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिक पॅसिफिकच्या उन्हात पोळू लागले. त्यांना देण्यात आले ते लाल पेट्रोलॅटम, म्हणजे मूळचे जनावरांच्या औषधातले चिकट लाल वंगण. पुढे १९४४ मध्ये मायामीच्या बेंजामिन ग्रीन नावाच्या औषधविक्याने बायकोच्या स्टोव्हवर, कॉफीच्या भांड्यात कोकोचे लोणी वितळवून त्याहून बरे मलम तयार केले आणि ते स्वतःच्या टकलावर तपासून पाहिले, अशी कथा आहे. त्यातून ‘कॉपरटोन’ निघाले. कथेत टकलाचे काय झाले हे येते, कॉफीच्या भांड्याबद्दल मिसेस ग्रीन काय म्हणाल्या हे येत नाही. इतिहास पुरुषांनी लिहिला आहे, याचा याहून सबळ पुरावा नसेल.

त्याच सुमारास स्वित्झर्लंडच्या सरहद्दीवरचा पिझ बुइन डोंगर चढताना भाजलेल्या फ्रांझ ग्रायटर नावाच्या तरुणाने १९४६ मध्ये ‘ग्लेशियर क्रीम’ काढले. पुढे मलम किती पट रोखते हे सांगणारा आकडा त्याने रूढ केला. तोच एसपीएफ. मूळ मोजमाप जर्मनीच्या रुडॉल्फ शुल्झे यांचे, १९५६चे. १९७८ मध्ये अमेरिकी सरकारने तो आपल्या नियमांच्या मसुद्यात घेतला आणि सौंदर्याच्या प्रांतात अखेर आकडेमोड शिरली.

आकडा आला की आम्हाला उत्साह येतो. एसपीएफ १५चे मलम भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९३ टक्के अडवते, ३०चे ९७ टक्के आणि ५०चे ९८ टक्के. गिऱ्हाइकाला वाटते, ५० म्हणजे १५च्या तिपटीहून जास्त, तेव्हा किंमतही तशीच हवी. अडवलेल्याचा हिशेब पाहिला तर फरक पाच टक्क्यांचा. पण हिशेब उलट्या बाजूनेही वाचावा लागतो. आत किती शिरले? १५मधून सात, ३०मधून तीन, ५०मधून दोन. म्हणजे १५वरून ३०वर गेले की आत येणारा माल निम्म्यावर येतो. त्यापुढे मात्र पैशाच्या मानाने पदरात फारसे पडत नाही. ज्यांना मुदत ठेवीचे चक्रवाढ व्याज समजावताना आमचा घसा कोरडा पडतो, त्यांना हे समजावायला आम्ही जाणार नाही.

दुसरी मेख अशी की, हे आकडे प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम मलम थापून काढलेले असतात. एवढे लावायचे तर चेहरा आणि मान यांनाच रोज सव्वा ग्रॅमच्या आसपास लागते. पन्नास ग्रॅमची ट्यूब चाळीस दिवसांत संपली पाहिजे. मध्यमवर्गीय घरात ती एका दिवाळीला उघडते आणि पुढच्या दिवाळीला लाटण्याने लाटून, मग कात्रीने कापून संपवतात. माणसे ठरलेल्या मात्रेच्या निम्मी, कधी पाव मात्रा लावतात, असे पाहणाऱ्यांना आढळले आहे. पाव हप्ता भरायचा आणि पूर्ण विम्याची अपेक्षा करायची, यातला प्रकार.

आणि तिसरी मेख सगळ्यात मोठी. एसपीएफ मोजतात तो कातडी लाल होण्यावरून, आणि लाल करतात ते मुख्यतः अतिनील ‘बी’ किरण. ‘ए’ किरण फारसे लाल करत नाहीत. ते काचेतून आरपार येतात, कातडीत खोल उतरतात आणि गुपचूप काम करतात. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या एका गृहस्थाचा फोटो छापून आला. त्यांनी २८ वर्षे मालाची गाडी चालवली होती. त्यांचा उजवा गाल होता तसाच, आणि खिडकीकडचा डावा गाल मात्र दहा-वीस वर्षांनी मोठ्या भावाचा असावा तसा सुरकुतलेला! आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, तेव्हा आपला उजवा गाल आधी रिटायर होणार. कोणाला प्रत्यय हवा असेल तर त्याने आपल्या दंडाची आतली बाजू आणि कोपराखालची बाहेरची बाजू शेजारी शेजारी पाहावी. जन्मतारीख एकच, पण दोन खात्यांतली शिल्लक वेगळी.

ही न दिसणारी लूट चालते कशी, हे कळले आणि अँटिऑक्सिडंटची गोष्ट सुरू झाली. अतिनील किरणांच्या धक्क्याने कातडीत काही रेणूंचा एक इलेक्ट्रॉन उणा पडतो. असा रेणू म्हणजे फ्री रॅडिकल. तो शेजारच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन उचलतो आणि अर्थातच परत करत नाही. आता शेजारी कर्जबाजारी. तो त्याच्या शेजाऱ्याला धरतो. असे करत करत पेशीभोवतीचे तेलकट आवरण, कातडी ताठ ठेवणारे तंतू, अगदी पेशीच्या मधोमध ठेवलेला वारशाचा दस्तऐवज, सगळ्यांना या साखळीची झळ लागते. दस्तऐवजात खाडाखोड झाली की एखादे दिवशी त्यातून कर्करोग उगवू शकतो. अँटिऑक्सिडंट हा या साखळीतला जामीनदार. तो पुढे होतो, आपल्या खिशातला इलेक्ट्रॉन देऊन टाकतो आणि स्वतः कोणाकडे मागायला जात नाही. साखळी तिथे तुटते. ई जीवनसत्त्व हा पेशीच्या आवरणातला असा जामीनदार. त्याचे दिवाळे वाजले की सी जीवनसत्त्व येऊन त्याची फेड करते. जामिनाचा जामीन! कर्जाच्या कागदांवर असे दोन सज्जन मिळाले असते, तर आमचे वसुली खाते केव्हाच बंद झाले असते.

या जामीनदारांचा शोध कातडीसाठी लागलाच नाही. पहिल्या महायुद्धात फ्रेंचांना डोळ्यांची आग करणारा एक विषारी द्रव साठवायचा होता, तो हवेने बिघडून राळेसारखा घट्ट व्हायचा. शार्ल मूरो आणि शार्ल द्युफ्रेस यांना असे आढळले की, एखाद्या योग्य पदार्थाची चिमूट टाकली तर तो बिघडत नाही. पुढे त्यांनी या पदार्थांना ‘अँटिऑक्सिजन’ असे नाव दिले. मग रबर, पेट्रोल, तूप-तेल टिकवायला असे पदार्थ वापरात आले. तेल खवट होणे आणि कातडी म्हातारी होणे ही लांबची भावंडे आहेत. संक्रांतीपर्यंत उरलेला दिवाळीचा चिवडा ज्याने खाल्ला आहे, त्याला ऑक्सिडीकरण वेगळे शिकवावे लागत नाही.

सी जीवनसत्त्वाची कथा तर आमच्या घरात वाचून दाखवण्यासारखी आहे. हंगेरीच्या आल्बर्ट सेंट-जॉर्जी यांनी १९२८ मध्ये ते वेगळे काढले, पण हा साखरेसारखा पदार्थ नक्की काय ते कळेना. म्हणून त्यांनी नाव सुचवले ‘इग्नोज’, म्हणजे ‘ठाऊक नाही’. संपादक रागावले. मग यांनी सुचवले ‘गॉडनोज’, म्हणजे ‘देव जाणे’! तेही नामंजूर. पुढे अभ्यासाला भरपूर माल मिळेना. एके रात्री बायकोने ढोबळी मिरचीतला एक वाण ताटात वाढला. यांना तो खायचा नव्हता आणि तसे सांगायचे धैर्यही नव्हते. म्हणून ‘हिची तपासणी करून पाहतो’ म्हणत ते मिरची घेऊन प्रयोगशाळेत सटकले. मिरचीत सी जीवनसत्त्व खच्चून भरलेले निघाले आणि १९३७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आम्हीही वीस वर्षे ताटातले पडवळ टाळत आहोत. पण आमच्या बँकेत प्रयोगशाळा नाही.

म्हातारपण हीच मुळी फ्री रॅडिकलांची करणी आहे, ही कल्पना १९५६ मध्ये मांडणारे डेन्हम हार्मन आधी तेल कंपनीत रसायनशास्त्रज्ञ होते. म्हातारपणाचे वेड त्यांना लागले ते बायकोने दाखवलेल्या, बायकांच्या मासिकातल्या एका लेखामुळे. स्टोव्ह एकीचा, मिरची दुसरीची, मासिक तिसरीचे. सनस्क्रीनच्या इतिहासातल्या तीन पायऱ्या अशा तीन संसारांतून गेल्या आहेत. हार्मन स्वतः ९८ वर्षे जगले, तेव्हा निदान लेखकाने आपला सिद्धान्त अंगी लावला होता असे म्हणता येईल.

मग हे जामीनदार थेट कातडीवरच का नेमू नयेत? अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे शेल्डन पिनेल यांनी नेमून पाहिले. १९९२ मध्ये त्यांच्या गटाने डुकराच्या कातडीवर सी जीवनसत्त्वाचा लेप उन्हाच्या इजेला आळा घालतो असे दाखवले. कातडीच्या बाबतीत डुक्कर माणसाचा जवळचा नातलग आहे, याबद्दल दोघांपैकी कोणी तक्रार केलेली नाही. पुढे सी आणि ई यांच्या जोडीने संरक्षण चौपट झाले. त्यात २००५ मध्ये फेरुलिक अॅसिड मिसळले, जे गहू-तांदळाच्या कोंड्यातही असते, आणि ते आठपट झाले.

इथवर वाचून कोणी ट्यूब आणायला उठला असेल तर त्याने क्षणभर बसावे. हे सी जीवनसत्त्व भारी नाजूक. ते पुरेसे आंबट असल्याशिवाय कातडीत शिरत नाही, आणि हवा लागली की कापलेल्या सफरचंदासारखे तपकिरी पडते. ई जीवनसत्त्व क्रीममध्ये बहुधा ‘अॅसिटेट’च्या रूपात असते. म्हणजे नेमणूकपत्र निघाले, पण उमेदवार अजून रुजू झालेला नाही. कातडीने ते सोडवून घेतले, तरच तो कामाला लागणार. २०११ मध्ये अँटिऑक्सिडंट असलेली बारा लोकप्रिय सनस्क्रीन तपासली, तेव्हा फ्री रॅडिकल रोखण्यात त्या अँटिऑक्सिडंटांचा वाटा जवळजवळ काहीच निघाला नाही. जो काही बचाव झाला तो त्यातल्या साध्या, जुन्या, किरण अडवणाऱ्या घटकांनीच केला. बोर्डावर नाव साहेबाचे, काम शिपायाचे. हे आम्हाला नवीन नाही.

आणि आता या इतिहासातला आमच्या मते सगळ्यात मोठा जमाखर्च. ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंड प्रांतातल्या नॅम्बूर गावी, १९९२ ते १९९६ या काळात १,६२१ माणसांवर एक चाचणी झाली. काहींना रोज सनस्क्रीन लावायला सांगितले, बाकीच्यांना तुमच्या मर्जीप्रमाणे लावा म्हणून सोडले. शिवाय काहींना रोज बीटा-कॅरोटीनची गोळी दिली, म्हणजे गाजरातला अँटिऑक्सिडंट. बाकीच्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. मलम आणि गोळी, दोघांची एकाच गावात, एकाच उन्हात परीक्षा! निकाल असा. रोज मलम लावणाऱ्यांत एका प्रकारच्या त्वचेच्या कर्करोगाच्या गाठी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या. पुढच्या दहा वर्षांत सगळ्यात भयंकर प्रकार, मेलॅनोमा, मर्जीवाल्यांत २२ आणि रोजवाल्यांत ११. कातडी म्हातारी होण्याचा वेगही मंदावला. आणि गोळी? गोळीने त्वचेच्या कर्करोगात काडीचा फरक पडला नाही. उलट १९९४ मध्ये फिनलंडमध्ये विड्या-सिगरेटी ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांचा फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढलेला आढळला होता. जामीनदारही जपून निवडावा लागतो, तो कधी कधी ऋणकोलाच सामील असतो. गाजर खावे, हलवाही करावा. गोळीच्या भरवशावर उन्हात मात्र हिंडू नये.

म्हणजे अँटिऑक्सिडंट निरुपयोगी म्हणायचे काय? तसेही नाही. २०१५ मध्ये येल विद्यापीठाच्या डग्लस ब्रॅश यांच्या गटाने दाखवले की, ऊन गेल्यावर तीन तासांहून अधिक काळ, अंधारातसुद्धा, पेशीच्या दस्तऐवजाची खाडाखोड चालूच राहते. शटर खाली ओढले तरी व्याज चालू. तिथे सावली उपयोगी नाही आणि किरण अडवणारे मलमही नाही, तिथे एखादा चांगला जामीनदारच कामाला येईल. तसा कोणी भरवशाने तयार होईल तेव्हा आम्ही आनंदाने सातशे रुपये मोजू. तोवर कोणी पुढे बसायचे आणि कोणी मागे, हे मात्र ठरलेले आहे. आधी सावली आणि कापड, मग ठरल्या मात्रेत मलम, आणि अँटिऑक्सिडंट त्यानंतर.

हे सगळे आमच्या कामाचे का, असे कोणी विचारील. कारण आमच्या कातडीत मुळातच एक छत्री उघडलेली आहे. होमसाहेबांनी दोनशे वर्षांपूर्वी ज्याची तरफदारी केली, तो रंगाचा थर म्हणजे मेलॅनिन. तो किरण गिळतो आणि फ्री रॅडिकलही टिपतो. १९७९ मधल्या एका मोजणीत आफ्रिकी वंशाच्या काळ्या कातडीच्या वरच्या थराचे अंगचे एसपीएफ १३च्या आसपास भरले, गोऱ्यांचे तीनच्या. आपण या दोघांच्या मधे कुठेतरी. म्हणून आपल्याकडे त्वचेचा कर्करोग गोऱ्या देशांच्या मानाने पुष्कळ कमी. अर्थात याच्या जोरावर सावळ्या माणसाने निर्धास्त होऊ नये, कारण त्या अंधारातल्या खाडाखोडीत खुद्द मेलॅनिनचाच हात असल्याचे येलच्या मंडळींना आढळले. पण बापजाद्यांनी नावावर करून ठेवलेली ही ठेव आहे, यात शंका नाही.

आणि या ठेवीचे आम्ही काय करतो? ती मोडायला निघतो. राम सावळा, कृष्ण सावळा, पंढरीचा विठोबा सावळा, पण सून मात्र गोरी हवी. ज्या मलमाने कातडी वाचवायची, ते आमच्याकडे ‘काळी होऊ नये’ म्हणून विकत घेतात. एका प्रसिद्ध क्रीमने २०२० मध्ये आपल्या नावातला ‘गोरे’पणा काढून टाकला. पण नाव बदलायला एक ठराव पुरतो, आत्याबाईंचे मत बदलायला पुरत नाही.

आमची पुतणी पुण्यात नोकरी करते. दुचाकीवरून निघताना ती डोळे सोडून सगळा चेहरा ओढणीने गुंडाळते, हातांत कोपरापर्यंत मोजे चढवते. पुण्यातल्या हजारो मुली तसेच करतात. बाहेरून आलेली माणसे त्यांची चेष्टा करतात, पण आमच्या मते या सगळ्या मुली सर एव्हरर्ड होम यांच्या पट्टशिष्या आहेत. गरम झाले तरी चालेल, भाजता कामा नये! ती रंगाने सावळी आहे, चांगली तरतरीत आहे आणि तिच्या लग्नाचे घाटत आहे. मागच्या महिन्यात आमच्या बहिणीने तिचा बायोडेटा लिहायला घेतला. शिक्षण झाले, उंची झाली, गोत्र झाले आणि ‘वर्ण’ या रकान्यापाशी पेन अडले.

“गहूवर्णी लिहिते,” बहीण म्हणाली.

“आत्या, गहू हे धान्य आहे,” पुतणी म्हणाली.

“मग निमगोरी लिहू?”

“निम्मी कुठली? उजवी की डावी?”

प्रकरण हातघाईवर येणार असे दिसताच बहिणीने बायोडेटा आमच्यापुढे सरकवला. घरात कुठलाही फॉर्म भरायचा असला की तो शेवटी आमच्याकडेच येतो. आम्ही चष्मा पुसला आणि ‘वर्ण’ या रकान्यात सुवाच्य अक्षरांत लिहिले: “सावळा. एसपीएफ जन्मजात. घामाने जात नाही. मुदत संपत नाही.”

पुतणीने तो कागद पळवला आणि तसाच टाइप करून घेतला. आत्याबाई अजून आमच्याशी बोलत नाहीत. तीन स्थळांनी उत्तर दिलेले नाही, पण चौथ्याने विचारले आहे की, मुलीच्या काकांना भेटता येईल का.